कुलूपबंद घरं वाडीवाडीत, पण घरकुलाला जागा नाही. लहान गावाने काय करावं? (चर्चेतल्या प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वाडीवस्ती

राजापूर तालुक्यातलं गाव. पाच वाड्या, वस्ती हजाराच्या आत, ग्रामपंचायत सात सदस्यांची. प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या यादीत सहा कुटुंबं मंजूर झाली आहेत. दोघांची कामं दिवाळीनंतर सुरू होतील. उरलेल्या चौघांचा घोळ जागेचा आहे. दोघं सामायिक सातबाऱ्यात आहेत, त्यावरची निम्मी नावं मयत आणि बाकीची विरार-नालासोपाऱ्यात. एक कुटुंब जुन्या खोताच्या (पूर्वीच्या गावच्या जमीनदाराच्या) जमिनीत तीन पिढ्या राहतंय. चौथ्याच्या नावावर गुंठाभरही नाही.

दुसरीकडे प्रत्येक वाडीत घरांना कुलपं. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, मग परत बंद. शाळेचा पट वीसच्या खाली आलाय. ग्रामसभेत एक बाजू म्हणते गाव रिकामं होतंय तर नवी घरं बांधायची कशाला, बंद घरंच द्या. दुसरी बाजू म्हणते सरळ गायरानात बांधा. जाणकारांनी सांगावं, यातलं काय होण्यासारखं आहे? पाचशे चौरस फूट जागा घेतली तर त्यात घर नीट बसतं का, हेही सांगा.

फेरफार

गायरानाचं आधी निकालात काढू. सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल २८ जानेवारी २०११ चा, त्यावर राज्याचा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा. त्यानंतर गायरान देणं जवळपास बंद आहे. जुनी अतिक्रमणं नियमित करायची सोय आहे, पण ती १ जानेवारी २०११ च्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठी. आज नवं घर घातलंत तर हप्ते मिळतील की नाही ही पुढची गोष्ट, नोटीस मात्र नक्की येईल.

दुसरा गैरसमज असेसमेंट उताऱ्याचा. नमुना आठवर नाव आहे म्हणजे घरपट्टी तुम्ही भरता, एवढाच त्याचा अर्थ. जागेची मालकी त्यातून सिद्ध होत नाही. देशावर गावठाणात घर असतं, ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेत सनद आणि मिळकत पत्रिका हातात येते. आपल्याकडे बऱ्याच गावांना गावठाणच नाही. घरं वाडीवाडीने खाजगी सर्व्हे नंबरात, वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत विखुरलेली. मग स्वामित्व येत नाही आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंत अकृषिक मानण्याची जी तरतूद आहे (महसूल अधिनियमाचं कलम ४२ ड), तीही लागू पडत नाही, कारण २०० मीटर मोजायचे कुठून? कलम १२२ खाली गावठाण जाहीर करून घेण्याचा ठराव ग्रामसभेने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. या सहा घरकुलांना त्याचा उपयोग होणार नाही, पण पुढच्या यादीला होईल.

आता सामायिकवाले दोघं. त्यांना दोन वाटा आहेत.

जवळची वाट संमतीपत्राची. हयात सहहिस्सेदारांनी मुद्रांकावर लिहून द्यायचं की अमुक सर्व्हे नंबरातल्या, अमुक चतुःसीमेच्या जागेत याने घरकुल बांधायला आमची हरकत नाही. पंचायत समित्या बहुतेक वेळा हे चालवून घेतात. उणीव अशी की ही फक्त बांधायची मुभा झाली, जागा त्याच्या नावावर होत नाही. पुढे कर्ज मिळत नाही, आणि एखादा पुतण्या फिरला की घर वादात. संमतीपत्रात चतुःसीमा लिहीत नाहीत ही नेहमीची चूक. "आमच्या सामायिक जमिनीत" एवढंच लिहिलेलं असतं आणि दोन वर्षांनी नेमक्या जागेवरून भांडण लागतं.

लांबची वाट वारस नोंद, हक्कसोड, मग वाटप. मयतांची वारस नोंद झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि रेशनकार्ड घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा ई-हक्क या ऑनलाइन सोयीवरून अर्ज करा. नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. काम अडतं ते बहिणींची नावं गाळली म्हणून. "तिचं लग्न झालंय" हे कारण कायद्यात नाही. सगळी नावं चढवा. मग ज्यांना हिस्सा नको आहे त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलं तर मुद्रांक ५०० रुपये. साध्या कागदावर सही करून तलाठ्याला दिलेल्या हक्कसोडीला किंमत नाही.

त्यानंतर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. सर्वांची संमती आणि सोबत वाटपाचा नकाशा हवा. पाठोपाठ भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजून घ्या, नाहीतर कागदावर वाटप होतं आणि जमिनीवर बांध कुठे पडतो हे कोणालाच माहीत नसतं.

गणपतीत सगळे गावात असतात म्हणून लोक सह्या तेव्हा धरतात, पण चतुर्थीला दुय्यम निबंधक कार्यालय बंद असतं. पाच दिवसांच्या गणपतीत मधला कामाचा दिवस कुठला ते आधी बघा, मसुदा श्रावणात तयार ठेवा, वेळ आरक्षित करा, आधार आणि दोन साक्षीदार तयार ठेवा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडून मुंबईतूनच कुलमुखत्यारपत्र मागवा.

ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला जागा विकतच घ्यावी लागेल. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला अर्थसाहाय्य आहे. आधी मर्यादा ५० हजारांची होती, २०२४ मध्ये एक लाख झाली. तुकडेबंदीमुळे एवढा छोटा तुकडा एरवी विकता येत नाही, पण मार्च २०२४ च्या नियमांत ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंत सूट आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि लाभार्थी असल्याची खात्री जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा करून देते. आधी खरेदीखत आणि मग परवानगी असं केलंत तर फेरफार (सातबाऱ्यावरची मालकीबदलाची नोंद) रद्द होणार हे धरून चाला. घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ ची परवानगीही आधीच बघून घ्या.

चिरेबंद

जागेच्या मापाचं मी सांगतो. ५०० चौरस फूट हा आकडा ज्याने ठरवला त्याने कोकणातला पाऊस पाहिलेला नसावा.

योजनेत घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. बाहेरून २० बाय साडेतेरा धरा, २७० झाले. देशावर एवढ्यावर भागतं. इथे उतरत्या छपराला आडव्या बाजूंना दोन-दोन फूट आणि पुढेमागे सव्वादोन-अडीच फूट वळचण (भिंतीबाहेर आलेलं छप्पर) सोडावीच लागते, नाहीतर पहिल्याच आषाढात भिंत खालून ओली. म्हणजे छपराखालची जागा २४ बाय साडेअठरा, ४४४ चौरस फूट. जागा २० बाय २५ ची असेल तर घर फिरवून कसंबसं बसतं आणि उरतात ५६ चौरस फूट. त्यात शौचालयाचे दोन शोषखड्डे बसत नाहीत. तीन-तीन फूट व्यासाचे दोन खड्डे आणि मध्ये तीन फुटांचं अंतर, नऊ फूट तर तिथेच गेले. शिवाय पागोळ्या (छपरावरून गळणाऱ्या पावसाच्या धारा) शेजाऱ्याच्या हद्दीत. कोकणात बांधावरून जेवढी भांडणं होतात तेवढीच पागोळ्यांवरून होतात.

म्हणून फेरफारने सांगितलेली १००० ची मर्यादा पूर्ण वापरा. अनुदान ५०० चंच मिळेल, वरच्या जागेचे पैसे पदरचे. ४० बाय २५ घेतलीत तर वळचण, खड्डे, न्हाणी आणि पाण्याचा पाट सगळं आत राहतं. विहिरीपासून खड्डे निदान ३०-३५ फूट लांब, आणि उतारावर विहिरीच्या खालच्या अंगाला. जांभ्याला भेगा असतात, त्यातून घाण पाणी अपेक्षेपेक्षा लांब जातं.

चिऱ्याचा हिशोब: १४ × ९ × ७ इंचाचा चिरा (जांभ्या दगडाचा घडीव ठोकळा) धरला तर नऊ इंची भिंतीत एक चिरा ०.६८ चौरस फूट झाकतो. बाहेरच्या भिंती ६७ फूट, मधली एक १३, मिळून ८०. उंची ९ फूट, म्हणजे ७२०. दारं-खिडक्यांचे १०० वजा केले की ६२०, त्याला साधारण ९१० चिरे. जोतं दोन फूट, चौदा इंची, चिरा आडवा टाकून: त्याला आणखी ३६५. फूटतूट धरून साडेतेराशे मागवा. चिरा खाणीतून काढल्या काढल्या मऊ असतो, हवा लागून कडक होतो, म्हणून निदान काही आठवडे आधी आणून रचून ठेवा. पांढरट-पिवळ्या मातीचे मोठे ठिपके असलेला चिरा बाजूला काढा. नखाने खरवडला जातो तो जोत्यात अजिबात घालू नका.

कौलं: छप्पर उतारासकट सुमारे ५१० चौरस फूट होतं, त्याला ७२० च्या आसपास मंगलोरी कौलं आणि वीसेक कोने (आढ्यावर बसवायची कौलं). वाशांना लाकूड परवडत नाही आणि वाळवी सोडत नाही. लोखंडी पाइपचा सांगाडा करा, पण वेल्डिंगच्या जोडांना रंगाचे दोन हात नीट द्या, खारी हवा जोडापासूनच खाते.

पैसे: १,२०,००० मूळ. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८०. शौचालयाचे १२,०००. राज्याचे वाढीव ३५,०००. बेरीज १,९५,०८०. छपरावर सौरसंच बसवला तर आणखी १५,०००, ते नाही बसवलं तर धरू नका. मजुरीचे २८ हजार सगळ्यात जास्त बुडतात, कारण जॉबकार्ड चालू नसतं किंवा काम झाल्यावर मस्टरची (हजेरीपटाची) आठवण होते. मस्टर कामाच्या आधी निघायला हवं.

आणि जिओटॅग, म्हणजे फोटोसोबत नोंदलं जाणारं जागेचं ठिकाण. पहिल्या १५ हजारांच्या हप्त्याआधी जागेचा फोटो काढतात. जुन्या पडक्या घरापाशी उभं करून फोटो काढला आणि बांधलं दुसऱ्या सर्व्हे नंबरात, तर जोत्याच्या फोटोला ठिकाण जुळत नाही आणि पुढचा हप्ता थांबतो. जागेचा निकाल लागल्याशिवाय फोटो काढू देऊ नका.

वाडीवस्ती

चिऱ्याचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो. खोताच्या जमिनीतल्या कुटुंबाचं काय? मूळ मालकाचे वारस पुण्याला असतात. ते "राहा" म्हणतात, पण लिहून देत नाहीत.

फेरफार

त्यांच्यासाठी कूळकायद्याचं कलम १७ ब वाचा. कूळ म्हणून जमीनमालकाच्या जागेत घर बांधून राहणाऱ्याला घराखालची आणि लगतची वापराची जागा विकत घेण्याचा हक्क त्यात आहे, आणि किंमत वार्षिक भाड्याच्या वीस पटीपेक्षा जास्त असत नाही. अर्ज तहसीलदारांकडे, शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून. (गोव्यात याच प्रश्नाला १९७५ चा वेगळा मुंडकार कायदा आहे. तिकडचे पाहुणे सल्ला देतात तेव्हा दोन्हींची सरमिसळ होते.)

पुरावा हा सगळा जीव. जुने असेसमेंट उतारे जितके मागचे मिळतील तितके, मतदारयादीतली आजोबांची नावं, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, खंड किंवा भाडं दिल्याची पावती असेल तर सोनंच. सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा जुन्या पीकपाहणीत नाव आहे का ते आधी पाहा. कूळ असल्याचा पुरावा मुळातच नसेल तर १७ ब ताणू नका. वारस "राहा" म्हणतायत ना, मग त्यांच्याकडून १००० चौरस फुटांची विक्री वरच्या नियमाने, अनुदानाचे पैसे देऊन करून घ्या. खटल्यापेक्षा ते लवकर होतं.

शिरगणती

"गाव रिकामं होतंय तर घरं कशाला" या मुद्द्यावर थोडं.

२००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला, घट ४.८२ टक्के. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. राज्यात यांच्याशिवाय फक्त मुंबई शहर जिल्हा घटला. पण नुसती घट बघून चालणार नाही. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि ०-६ वयात मात्र मुली हजाराच्या खालीच. म्हणजे हा आकडा जन्माचा नाही, पुरुष बाहेर गेल्याचा. २००१ मध्ये तोच ११३६ होता, सिंधुदुर्गात १०७९ चा १०३६ झाला. माझ्या मते याचा अर्थ असा की पूर्वी गडी मुंबईला आणि बायकामुलं गावाला असं होतं, आता बिऱ्हाडच उठतं. ज्यांच्याकडे मुंबईत खोली आहे ते आधी गेले. मागे राहिले ते म्हातारे, आणि ज्यांना तिकडे घर परवडत नाही ते मजूर. घरकुलाची यादी बघा, मुलं याच घरांत आहेत. पट वीसच्या खाली असलेल्या शाळेत या चार कुटुंबांची सहा-सात मुलं म्हणजे काय, ते मुख्याध्यापकांना विचारा.

आणखी एक. जनगणनेत लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भक्षण १ मार्च. तेव्हा शिमगा यायचा असतो, चाकरमानी मुंबईतच असतात. मोजणीच्या पूर्ण काळात जो गावात नाही तो गावात धरला जात नाही, रेशनकार्ड कुठलं का असेना. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर वाटला जातो, आणि अंगणवाडीचा निकषही ४०० ते ८०० वस्तीला एक असा आहे. तेव्हा नावं फुगवायच्या भानगडीत पडू नका, पण जे खरंच इथे राहतात, विशेषतः दूरच्या वाडीतले एकटे म्हातारे आणि काजू-आंब्याच्या बागेतली गुरखा कुटुंबं, ते सुटणार नाहीत हे बघा. २०११ च्या तक्त्यांत रिकामं घर आणि कुलूपबंद घर या दोन वेगळ्या नोंदी होत्या. सामान आत असलेलं गणपतीचं घर रिकाम्यात जाऊ नये. पुढे "गावात इतकी घरं पडून आहेत" म्हणून घरकुलाविरुद्ध हाच आकडा दाखवला जातो.

ओसरी

बंद घरांबद्दल. ती घरकुलवाल्यांना कायमची देता येणार नाहीत, मालक देणारच नाहीत आणि अनुदान स्वतःचं घर बांधायलाच मिळतं. पण जागेचा निकाल लागेपर्यंतची दोन वर्षं, किंवा शाळेत बदलून आलेल्या शिक्षिकेला, आरोग्यसेविकेला ती भाड्याने मिळू शकतात. मालक घाबरतात एका शब्दाला: कूळ लागेल.

कूळ लागतं ते जमीन कसण्यावरून. म्हणून करार फक्त घराचा करा, असेसमेंट नंबर घालून. परसातले माड, पोफळी, आंबे करारातून स्पष्ट वगळा. "घर घे, माड अर्धेलीने बघ" असं तोंडी ठरवणं हीच खरी चूक, भीती तिथूनच जन्माला येते. करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृत. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये. घरच सामायिक असेल तर एकट्या थोरल्या भावाची सही पुरत नाही.

करारात तीन गोष्टी हव्यातच. देवघराची खोली मालकाच्या कुलपात. गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस तारखांसह, त्या दिवसांत कोण कुठल्या खोलीत झोपणार इथपर्यंत. आणि शाकारणी: मे महिन्यात कौलं चाळून फुटलेली बदलायची, कौलं मालकाची, मजुरी भाड्यातून वजा. कोकणात बंद घर पडतं ते भाडेकरूमुळे नाही. माकडांनी सरकवलेल्या एका कौलातून पाऊसभर धार लागते, वासा कुजतो, मग आढं बसतं. मालकाला हे पटवा, भाडं किती याची घासाघीस आपोआप कमी होते. दिवा लावायला माणूस मिळतोय हे म्हाताऱ्या आयांना लगेच पटतं, मुलांना वेळ लागतो.

वाडीवस्ती

ठीक. खोतवाल्याचे उतारे काढायला ग्रामपंचायतीत अर्ज देतोय, सामायिकवाल्यांचा मसुदा श्रावणात. कामाच्या तारखा कशा धरू?

चिरेबंद

ज्या दोघांची जागा साफ आहे त्यांचे चिरे गणपती झाल्यावर लगेच सांगून ठेवा, दिवाळीनंतर सगळीकडून मागणी येते. खणाई दिवाळीनंतर लगेच, जोतं डिसेंबरात, लिंटल (दारं-खिडक्यांवरची पट्टी) जानेवारीअखेर, छप्पर मार्चमध्ये. पाणी मारायला विहीर एप्रिलपर्यंत पुरते का तेही पाहा, वरच्या वाड्यांत मार्चलाच तळ दिसतो. ट्रक वाडीपर्यंत जात नसेल तर शेवटच्या टप्प्याची डोक्यावरची वाहतूक आधी ठरवा. साडेतेराशे चिरे पाणंदीने चढवायचे म्हणजे खाणीच्या दराइतकाच खर्च पुन्हा येऊ शकतो, आणि अंदाजपत्रकात तो रकाना नसतो. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत आहे, तिचा पास तहसीलमधून आधीच काढा.

उरलेल्या चौघांचं पुढच्या दिवाळीला धरा. मे महिन्यात जोतं उघडं पाडून बसू नका.